जुजुत्सू, आयकिडोचा क्लास शोधताय? फी विचारण्याआधी मॅट बघा

फोनवर 'जुजुत्सू क्लास निअर मी' टाकलं की नकाशावर लाल टिपक्यांची रांग लागते. एकेक उघडून बघितला की कळतं, निम्मे कराटेचे आहेत, काही तायक्वांदोचे, दोन-चार जिमचे आणि एक तर झुंबाचा. मग एखादा असा बोर्ड सापडतो, ज्यावर सगळंच लिहिलेलं असतं : कराटे, ज्युदो, जुजुत्सू, आयकिडो, किकबॉक्सिंग, लाठीकाठी, योगा. सर मात्र एकच.

अशाच एका सरांकडे मी दोन वर्षांपूर्वी गेलो. पुण्यातच, घरापासून दहा मिनिटांवर, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. दिवसभर डेस्कवर बसून मान आखडली होती, जिमचा कंटाळा आला होता आणि रात्री उशिरा कुस्त्या-मारामाऱ्यांचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती. एवढंच कारण. सरांनी महिन्याची फी घेतली, दहा मिनिटं पळवलं, पंधरा मिनिटं स्ट्रेचिंग करून घेतलं आणि म्हणाले, "चला, आता थ्रो." समोरच्या मुलाने मला खांद्यावरून घेतलं. पडताना मी तेच केलं, जे न शिकलेला कुठलाही माणूस करतो. हात पुढे टेकवला.

खाली फोमची लाल-निळी मॅट होती, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची, आणि तिच्याखाली फरशी. मनगटातलं जे हाड मोडलं त्याला स्कॅफॉइड म्हणतात. काजूएवढं, साधारण काजूच्याच आकाराचं. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते जुळायला वेळ लागतो, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा त्याची चीर दिसतही नाही. माझीही दिसली नाही. 'मुरगळलं असेल' म्हणून मी आठवडाभर टाइप करत राहिलो. मग प्लास्टर, दहा आठवडे, आणि डाव्या हाताने टाइप केलेल्या ब्रेकिंग न्यूज.

प्लास्टर घेऊनच गावी गेलो. आमचं गाव तासगाव तालुक्यात, आजोबा तरुणपणी तालमीत होते. त्यांनी कुठला क्लास, किती पैसे, काही विचारलं नाही. हाताकडे बघून एवढंच म्हणाले, "माती उकरली हुती का आधी?"

क्लास निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, हे मला तेव्हा कळलं. बाकीचं सगळं नंतर.

माती का उकरतात?

तालमीतल्या हौद्यात नुसती लाल माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असं बरंच काही मुरवलेलं असतं आणि कुस्त्या लागण्याआधी ती फावड्याने उकरून भुसभुशीत करतात. नव्या पोराच्या वाट्याला हे काम हमखास येतं. अंग तापतं आणि माती मोकळी होते, असा दुहेरी फायदा.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेलं फिजिक्स इथे उपयोगी पडलं (चार वर्षांत कुठेतरी पडायलाच हवं होतं). एक मीटर उंचीवरून माणूस खाली आला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साधारण १६ किलोमीटर असतो. तो वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर शरीराला बसणारा दणका ठरतो. अंतर एक सेंटिमीटर मिळालं तर सरासरी दणका गुरुत्वाकर्षणाच्या शंभर पट. चार सेंटिमीटर मिळालं तर पंचवीस पट. भुसभुशीत माती किंवा चांगली मॅट हेच जादा अंतर देते.

दुसरं काम पडणाऱ्याने करायचं असतं. तो दणका मनगटासारख्या एका बिंदूवर न घेता पाठ, दंड, तळहात अशा मोठ्या भागावर पसरवायचा. जपानी कलांमध्ये या पडण्याच्या विद्येला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात शरीरापासून तिरका ठेवून अख्खा दंड आणि तळवा मॅटवर सपाट मारायचा. श्वास सोडायचा. आयकिडोत पुढे लोळण घेताना एका खांद्यावरून पाठीवर तिरकं जात विरुद्ध कमरेवर उतरायचं. ऐकायला सोपं आहे. पण पडताना हात टेकवायची उपजत सवय मोडायला आठवडे लागतात.

ज्या जपानमध्ये या कला जन्मल्या, तिथेही याची किंमत मोजावी लागली आहे. १९८३पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांतल्या ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. नागोया विद्यापीठातले अभ्यासक र्‍यो उचिदा यांनी या नोंदी एकत्र करून मांडल्या, तेव्हा देश हादरला. बरेच मृत्यू डोक्याला मार लागून झालेले, आणि त्यात पहिल्या वर्षाची, म्हणजे धड पडायलाही न शिकलेली मुलं जास्त. २०१२मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, तेव्हा पालकांनी याच मुद्द्यावर आवाज उठवला होता.

म्हणून क्लासमध्ये पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न : "सर, नव्या माणसाला पडायला किती दिवस शिकवता?" उत्तर 'पहिले दोन-तीन आठवडे तेच' असं काहीसं आलं तर पुढे बोला. 'ते आपोआप येतं' असं आलं तर नमस्कार करून निघा.

पण शिकायचं नेमकं काय?

नावांचा गोंधळ फार आहे, तो थोडक्यात सोडवू. जुजुत्सू हे जपानमधल्या सामुराई काळातल्या अनेक घराण्यांच्या निःशस्त्र लढाईचं एकत्रित नाव. फेकणं, सांधे आवळणं, गळा दाबणं, जमिनीवर दाबून ठेवणं, हे त्यात येतं. जिगोरो कानो यांनी त्यातली घातक अंगं बाजूला काढून १८८२मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात बारा तातामी चटयांवर कोडोकान ही शाळा सुरू केली. ती ज्युदो. तिथलेच मित्सुयो माएदा १९१४मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे ग्रेसी घराण्याने जमिनीवरच्या लढतीवर भर देत त्यातून ब्राझिलियन जुजुत्सू घडवली. १९९३मध्ये अमेरिकेत पहिली यूएफसी झाली. तीत सडपातळ रॉइस ग्रेसीने आडदांड प्रतिस्पर्ध्यांना लोळवलं आणि ही कला जगभर गेली. आज आपल्या शहरांत 'बीजेजे' नावाने चालते ती हीच.

आयकिडोची वाट वेगळी. मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी सोकाकु ताकेदांकडून दाइतो-र्‍यू ही जुजुत्सू शिकून घेतली आणि पुढे त्यातून समोरच्याचा जोर वळवून त्याला फिरवण्या-पाडण्याची स्वतःची पद्धत बांधली. आयकिडोत सहसा स्पर्धा नसते. केंजी तोमिकी यांच्या शाखेत असते, पण तो अपवाद. एक जण ठरलेला हल्ला करतो, दुसरा ठरलेलं तंत्र करतो, मग अदलाबदल. सोबत लाकडी तलवार आणि काठीचा सराव.

स्वसंरक्षणासाठी कुठलं चांगलं, हा प्रश्न मला प्रत्येक मित्र विचारतो. माझं मत सांगतो. ब्राझिलियन जुजुत्सू आणि ज्युदोत जवळपास रोज समोरचा खराखुरा विरोध करतो, त्यामुळे आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचा भ्रम फार दिवस टिकत नाही. आयकिडोत सहकार्याने सराव होतो, त्यामुळे 'मला आता कोणी हात लावू शकत नाही' असा गैरसमज व्हायला जागा आहे. पण रस्त्यावरच्या मारामारीसाठीच शिकणारे फार थोडे. पन्नाशीतल्या माणसाला पडणं, तोल आणि शरीराची समज हवी असेल, स्पर्धा नको असेल, तर आयकिडोइतकं छान दुसरं क्वचितच. फक्त गुडघे दुखत असतील तर आधी विचारा. आयकिडोत गुडघ्यांवर बसून-सरकून करायचा बराच भाग असतो. आणि चाकूवाल्यासमोर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही प्रामाणिक सरांकडे एकच असतं : पळा.

खरं तर चांगल्या सरांकडे मधली कला शिकणं हे मधल्या सरांकडे चांगली कला शिकण्यापेक्षा बरं. आणि जवळचा क्लास दूरच्यापेक्षा बरा. सिंहगड रोडवरून विमाननगरला आठवड्यातून तीनदा जाईन, असं संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कोणी ठरवू नये. मी ठरवलं होतं. दोन आठवडे टिकलो.

हॉलमध्ये गेल्यावर काय बघायचं?

पैसे न भरता एक अख्खा तास कोपऱ्यात बसून बघायची परवानगी मागा. बरेच क्लास ती आनंदाने देतात, अनेक ठिकाणी एक दिवस फुकट ट्रायलही मिळते. 'आमचं तंत्र गुप्त आहे, बाहेरच्यांना दाखवत नाही' असं कोणी म्हणालं तर गुप्तच राहू द्या.

आधी मॅट. बूट काढून टाचेने जोरात दाबा. खालची फरशी टाचेला जाणवली तर ती मॅट योगासाठी ठीक आहे, थ्रोसाठी नाही. ज्युदोच्या मॅट साधारणपणे चार सेंटिमीटर जाड आणि घट्ट असतात. उलट गादीसारखी फार मऊ मॅटही नको, उभं राहून वळताना पाय रुततो आणि घोटा किंवा गुडघा पिळला जातो. कोडं जोडतात तशा एकमेकांत अडकवायच्या मॅट असतील तर सांधे बघा, फटीत पायाचा अंगठा अडकतो. कडेला उघडा खांब, काचेचा दरवाजा, लोखंडी बाक आहे का? आणि एका वेळी किती जोड्या पडतायत? दोन जोड्या एकमेकांवर आदळत असतील आणि सर फोनमध्ये असतील, तर तिथली सगळी माहिती तुम्हाला मिळालेली आहे.

मग वास घ्या. हसू नका. घामाच्या मॅटवर अंगाला अंग लावून सराव होतो, आणि आपल्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, गजकर्ण एका आठवड्यात अख्ख्या बॅचला होऊ शकतं. मॅट रोज पुसली जाते का, अंगावर चट्टा असलेल्याला घरी पाठवतात का, संडासला जाताना चप्पल घालून जातात का, हे बघा. मॅटच्या कडेला चपलांची नीट रांग दिसली तर मला त्या क्लासबद्दल उगाच विश्वास वाटतो.

टॅप केल्यावर काय होतं?

तासभर बसलात तर सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. लॉक बसला किंवा गळा आवळला गेला की खालचा माणूस हाताने दोनदा थापटतो. म्हणजे 'बस, मानलं'. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, अर्धा सेकंदही उशीर नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, आणि कोपराच्या लॉकमध्ये दुखणं आणि मोडणं यांत फार अंतर नसतं. त्यामुळे टॅप ही या खेळाची ब्रेक सिस्टीम आहे.

चांगल्या क्लासमध्ये वरच्या पट्ट्याचा माणूस नव्या पोरासमोरही हसत टॅप करतो. वाईट क्लासमध्ये टॅप केल्यावर हशा होतो, किंवा सर ओरडतात, "अरे सोस की अजून!" असं ऐकलंत तर उठा.

दहाव्या डॅनचे ग्रँडमास्टर

फ्लेक्सवर पिवळ्या अक्षरांत 'ग्रँडमास्टर, १०वा डॅन' वाचलं की मला एक आकडा आठवतो. ज्युदोची मूळ संस्था असलेल्या कोडोकानने १८८२ ते २००६ या काळात दहावा डॅन अवघ्या १५ जणांना दिला. आपल्याकडे एकेका जिल्ह्यात त्याहून जास्त निघतील.

पट्टा कोणी दिला, हे विचारायला लाजू नका. खरा शिक्षक या प्रश्नावर खुलतो, गुरूचं नाव सांगतो, फोटो दाखवतो, दोन किस्सेही ऐकवतो. ब्राझिलियन जुजुत्सूत मोठ्यांचे पट्टे पाच : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत जायला साधारण दहा वर्षं लागतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक वर्ष काढावं लागतं. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या क्लासमध्ये निळ्या किंवा जांभळ्या पट्ट्याचा मुलगा शिकवत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. त्याने ते स्वतःहून सांगितलं तर उलट चांगली खूण. सहा महिन्यांत काळा पट्टा देणारा मात्र पट्टा विकतोय.

आयकिडोच्या मुख्य प्रवाहात, म्हणजे आयकिकाई संस्थेत, डॅनची नोंद टोकियोतल्या हॉम्बू डोजोत होते आणि प्रमाणपत्र दोशू, म्हणजे उएशिबा घराण्यातल्या प्रमुखांच्या नावाने येतं. सध्या ते संस्थापकांचे नातू मोरितेरू उएशिबा आहेत. क्लासच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र असेल तर सर कौतुकाने दाखवतील.

मुलांना घालायचं असेल तर

पालकांना बसून बघू देत नाहीत तिथे मुलाला घालू नका. मला या एका नियमाला अपवाद सुचत नाही. या कलांमध्ये शिक्षकाचा हात शरीराला लागतोच. म्हणूनच तो सगळ्यांसमोर, कशासाठी ते सांगून लागायला हवा. मुलींच्या पालकांनी आणि मोठ्या मुलींनीही विचारावं, मुलगी कोणासोबत सराव करते, जोडीदार बदलून मागता येतो का, 'नको' म्हटलं तर चालतं का. महिला शिक्षक असेल तर उत्तम, पण बॅचमध्ये दोन-तीन जुन्या, वरच्या पट्ट्याच्या मुली असणं हीसुद्धा मोठी खूण. त्या टिकल्यात म्हणजे वातावरण टिकण्यासारखं आहे. त्यांच्याशी बाहेर चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बोला, सरांच्या समोर नको.

दहा वर्षांच्या मुलाला गळा आवळायला शिकवत असतील तर सावध व्हा. ब्राझिलियन जुजुत्सूच्या स्पर्धांत लहान गटांना पायाचे आणि मनगटाचे लॉक बंद आहेत. मुलांचे पट्टेही वेगळे असतात, निळा पट्टा वयाच्या सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही.

प्रमाणपत्राचा विषय पालक काढतातच. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात हे चालेल का? जुजुत्सू २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत आली, ज्युदो १९६४पासून ऑलिम्पिकमध्ये आहे (१९६८चा अपवाद सोडून), पण कुठल्या संघटनेच्या कुठल्या पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, हे क्लासच्या सरांना विचारू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, आणि पैसे भरण्याआधी विचारा.

गावात यातलं काहीच नसेल तर?

पुण्या-मुंबईबाहेर बहुतेकांची अडचण हीच आहे. तिथे ज्युदो शोधा. शालेय स्पर्धांमुळे ज्युदो जिल्ह्या-जिल्ह्यांत पोहोचला आहे. क्रीडा संकुलात किंवा क्रीडा कार्यालयात चौकशी केली तर नाव-पत्ता मिळण्याची शक्यता चांगली. पडणं, पकड, थ्रो, जमिनीवर दाबून ठेवणं, यातलं काहीच पुढे वाया जात नाही. नंतर शहरात येऊन ब्राझिलियन जुजुत्सूत गेलेला ज्युदोका पहिल्याच दिवशी ओळखू येतो, कारण त्याला पाडता येत नाही.

आणि कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात असाल तर तालीम आहेच. मी क्लास शोधायला लागलो तेव्हा आई म्हणाली होती, "गल्लीत तालीम होती, तेव्हा पहाटे उठवत नव्हतं तुझ्याच्यानं. आता जपानचं पाहिजे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फी, गी आणि पहिला दिवस

वर्षाचं पॅकेज घेऊ नका, कितीही सूट असो. एक महिना भरा. फी विचारताना सगळी विचारा : प्रवेश फी, महिन्याची फी, परीक्षेची फी, पट्ट्याची फी, संघटनेचं सदस्यत्व, आणि गी, म्हणजे तो जाड पांढरा पोशाख, क्लासमधूनच घ्यायची सक्ती आहे का. स्वस्त वाटलेला क्लास दर तीन महिन्यांच्या परीक्षांमध्ये महाग पडलेला मी बघितलाय. दुखापत झाली तर काय, प्रथमोपचार पेटी कुठे आहे, जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे विचारल्यावर सरांचा चेहरा बघा. माझ्या पहिल्या क्लासमध्ये पेटी होती. तिच्यात एक रिकामी स्प्रेची बाटली आणि रबरी स्टॅम्प होता.

पहिल्या दिवशी साधी ट्रॅक पँट आणि बिनखिशाचा, बिनचेनचा टी-शर्ट पुरतो. हाता-पायाची नखं कापा. अंगठी, कडं, कानातलं, गळ्यातली चेन घरी ठेवा. मनगटावरचा धागा काढायचा नसेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. जुनी दुखापत, दमा, फिट्स, रक्तदाब, काही असेल तर सुरू होण्याआधी सांगा, मध्ये नाही. आणि टॅप लवकर करा.

सध्या मी जातो त्या क्लासमध्ये पहिले तीन आठवडे मला कोणी हात लावला नाही. बसून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. शेजारी आठवीतली एक मुलगी होती, ती दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायची, "दादा, हनुवटी!" चौथ्या आठवड्यात सरांनी पहिल्यांदा थ्रो केला. पडलो, दंड मॅटवर सपाट बसला, मोठा आवाज आला, काहीच दुखलं नाही. गावी फोन करून आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? आता परत कवा पडणार हाईस?"

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सात वाजता. पावसाळ्यात मॅट पुसल्यावर लवकर वाळत नाहीत, म्हणून सध्या साडेसात.